कावीळ नाही, तरी दुखणं पित्ताशयाचंच असू शकतं

ताई, आईंच्या सोनोग्राफीत खडे दिसले, पण कावीळ नाही, म्हणजे काळजीचं कारण नाही, असं तुम्ही वर लिहिलंय. तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. पित्ताशयाला मुख्य पित्तनलिकेशी जोडणारी एक बारीक नळी असते, सिस्टिक डक्ट. जेमतेम २ ते ४ सेंमी लांब, आतून मळसूत्रासारख्या घड्या. यकृतातलं पित्त साठायला हिच्यातूनच आत जातं आणि तेलकट-तुपकट खाल्लं की हिच्यातूनच बाहेर येतं. खडा हिच्या तोंडाशी अडकला की पित्ताशय जोर लावतं आणि उजव्या बरगडीखाली, कधी पाठीत खांद्याच्या पात्याशी कळ येते. यकृताचं पित्त मात्र मुख्य नलिकेतून आतड्यात उतरत राहतं, म्हणून सहसा डोळे पिवळे होत नाहीत.

खडा मागे सरकला की कळ थांबते. पण ती ५-६ तासांवर गेली किंवा थंडी-ताप आला, तर पित्ताशयाला सूज आली असू शकते. अशा वेळी ॲसिडिटी समजून सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखान्यात न्या. माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही दोन दिवस सोडा आणि ओव्यावर घालवले, ते अजून सलतं.