मदत हवी आहे : हमीभाव खरेदी, भावांतर की थेट रक्कम? खर्चाची तुलना कशी मांडू?

नमस्कार मंडळी,

मध्य प्रदेशाने 2025 च्या हंगामात सोयाबीनला पुन्हा भावांतर लावलं (माल बाजारातच विकायचा, दर हमीभावाखाली गेला तर फरक सरकार देतं), तेव्हापासून आमच्या अमरावती जिल्ह्यातही तीच मागणी ऐकू येते. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभेसाठी टिपण करतोय : कोणत्या योजनेत किती पैसा जातो आणि तो कुणाचा. अर्थशास्त्र शिकलेल्यांनी कृपया वाट दाखवा.

अडलोय भावांतरापाशी. सोयाबीनचा 2024 चा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता. बाजारात 4100 मिळाले असं धरलं तर क्विंटलमागे 792 सरकारचे. बारदाना नाही, गोदाम नाही, व्याज नाही. पण 2017 मध्ये मध्य प्रदेशात फरक काढताना शेतकऱ्याच्या हातातली पट्टी, म्हणजे त्याला प्रत्यक्ष मिळालेला दर, धरली नव्हती. तिथला आणि आणखी दोन राज्यांचा सर्वसाधारण दर (ज्या दराने जास्तीत जास्त माल विकला जातो तो) घेऊन सरासरी काढली होती. व्यापाऱ्यांनी दर पाडल्याची ओरड तेव्हाच झाली. समजा तिथे दर 300 नी पडला आणि सरासरी 100 नीच उतरली. मग 200 शेतकऱ्याच्या अंगावर, योजनेत नोंदणी न केलेल्याच्या अंगावर पूर्ण 300. सरकारी हिशेबात दिसतात फक्त 100. बाकीच्याला खर्च म्हणायचं, की पैसा नुसता शेतकऱ्याकडून व्यापाऱ्याकडे सरकला म्हणून सोडून द्यायचं? माझ्या मते सोडता येणार नाही.

खरेदीत वेगळाच पेच आहे. 4892 ला घेतलेला माल 4200 ला विकला तर तोटा 692, वर हमाली, वाहतूक, साठवण. हे मांडता येतं. पण 2024 ला खरेदीसाठी मालातल्या आर्द्रतेची कमाल मर्यादा आधी 12 टक्के होती, 15 झाली ती नोव्हेंबरात. तोवर हरभऱ्याच्या बी-खताला पैसे हवे होते त्यांनी मीटरवर 14 दाखवणारा माल अडत्याकडे घातला. त्यांचा तोटा कुठल्या रकान्यात लिहू?

थेट रक्कम म्हणजे पीएम किसान : त्याचे वर्षाला 6000 भाव पडला तरी तेवढेच, आणि ठोक्याने शेती करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसल्याने त्याला काहीच नाही. ही योजना याच तक्त्यात बसवणं मला पटत नाही, पण सभेत कुणी तरी विचारणारच.

मुख्य प्रश्न : दर योजनेमुळे किती पडला आणि आवक वाढल्यामुळे किती, हे वेगळं कसं काढतात? दोन्हीकडच्या बाजार समित्यांचे रोजचे आवक-दर उतरवून ठेवलेत, योजनेआधीच्या वर्षांचेही. दोन राज्यांमधला फरक आधी आणि नंतर ताडून पाहिला तर चालेल का? सीमेवर माल इकडून तिकडे जातो, त्यामुळे हिशेब कितपत बिघडेल?