'न्यूट्रल गेला' आणि ब्रेकरचं जू

भाषांतरवाली: न्यू जर्सीतल्या घराच्या वायरिंगवरचा मजकूर मराठीत करतेय. 'मल्टिवायर ब्रँच सर्किट'ला 'बहुतारी शाखा परिपथ' लिहिलं, तर बाबा म्हणाले, "सतार आहे का?" शिवाय ब्रेकरच्या 'डिस्कनेक्ट'ला 'वीजपुरवठा खंडित करणे' चालेल?

वायरमनकाका: 'खंडित' नको, ताई. आपल्याकडे पुरवठा खंडित होतो तो बिल थकल्यावर, नाहीतर वादळात. ब्रेकर माणूस हाताने 'बंद' करतो. आणि सर्किटला सरळ 'सामाईक न्यूट्रलचं सर्किट' म्हणा, सामाईक विहीर म्हणतो तसं. तिथे घरात १२० व्होल्टच्या दोन लाइव्ह येतात, त्या दोघींत २४०, आणि परतीला न्यूट्रल एकच. एकीवर १० अँपिअर, दुसरीवर ७, तर न्यूट्रलमधून जातात फक्त ३. मात्र दोन्ही ब्रेकर चुकून एकाच लाइव्हवर बसवले, तर १७! न्यूट्रलला स्वतःचा ब्रेकर नसतो, त्यामुळे ती बिचारी गुपचूप तापत राहते.

'न्यूट्रल गेला' हा आपला शब्दप्रयोग मात्र जसाच्या तसा ठेवा. १२०० वॉटचा टोस्टर एकीवर आणि ६० वॉटचा साधा बल्ब दुसरीवर असताना न्यूट्रल सुटला, तर दोघं २४० व्होल्टवर एकापाठोपाठ एक जोडले जातात. बल्बच्या वाट्याला सव्वादोनशेच्या वर व्होल्ट. लख्ख उजळतो आणि संपतो. म्हणूनच या सर्किटचा न्यूट्रल सॉकेटच्या स्क्रूमधून पुढे न्यायला तिथल्या कोडची, म्हणजे वायरिंगच्या नियमावलीची, मनाई आहे. तारा आधी एकत्र जोडायच्या आणि सॉकेटला वेगळी छोटी तार, म्हणजे 'पिगटेल', शेंडी काढायची. हो, शेंडीच!

भाषांतरवाली: शेंडी पक्की. आणि दोन ब्रेकरचे खटके एकत्र जोडणारी पट्टी, 'हँडल टाय'?

वायरमनकाका: 'जू' लिहा. एनईसीच्या, म्हणजे तिथल्या त्याच वायरिंग कोडच्या, कलम २१०.४ नुसार, सर्किट जिथून निघतं तिथे सगळ्या लाइव्ह एकदम बंद करता आल्या पाहिजेत. २००८ च्या आवृत्तीपासून हे अशा प्रत्येक सर्किटला लागू झालं. एकच ब्रेकर बंद करून कोणी न्यूट्रलचा जोड उघडला, तर दुसरीचा करंट त्याच्या हातातून जाऊ शकतो. दोन्ही खटक्यांत खिळा अडकवणं जुगाड झालं. त्या ब्रेकरसाठी बनवलेलीच पट्टी हवी.

एक वाचक: 'जू' छान, पण अर्धंच खरं. एक बैल बसला म्हणून दुसरा बसेलच असं नाही. जुवामुळे दोन्ही हाताने एकदम बंद होतात. एक ट्रिप झाला, म्हणजे करंट जास्त झाल्यावर आपोआप पडला, तर दुसरा चालू राहू शकतो. त्याच सर्किटवर १२० ची आणि २४० ची, दोन्ही उपकरणं चालवायची असतील तर आतूनच जोडलेला, दोन्ही लाइव्ह एकदम तोडणारा डबल पोल ब्रेकर लागतो. 'बंद करणे' आणि 'ट्रिप होणे' यांची सरमिसळ करू नका.

भाषांतरवाली: कळलं. मजकुरात 'काळी आणि लाल वायर' आहे, ते तसंच ठेवते.

वायरमनकाका: थांबा! तिथे न्यूट्रल पांढरी असते. काळी आणि लाल दोन्ही लाइव्ह. आपला माणूस 'काळी' वाचला की न्यूट्रलच समजणार. प्रत्येक ठिकाणी 'काळी लाइव्ह' असंच लिहा, कंटाळा आला तरी.