हस्तलिखित की पांडुलिपी?

एका चर्चेत कुणीतरी म्हटलंय की 'हस्तलिखित' हे इंग्रजी 'मॅन्युस्क्रिप्ट'चं भाषांतर आणि 'पांडुलिपी' हा खरा आपला शब्द. अर्धं पटलं. लॅटिनमध्ये 'मानुस' म्हणजे हात, 'स्क्रिप्टुस' म्हणजे लिहिलेलं, तेव्हा हस्तलिखित शब्दशः तेच. पण पांडुलिपी आपल्याकडे आली ती बरीचशी हिंदीच्या वाटेने. 'पांडुलेख' म्हणजे मुळात फळ्यावर किंवा जमिनीवर खडूने केलेला कच्चा मसुदा, पक्की प्रत नव्हेच!

आमच्या सोलापुरात कन्नड शेजारी 'हस्तप्रती' म्हणतात, तेलुगू घरांत हस्ताक्षराला 'चेतिव्रात'. तिथेही हात आहेच. आमच्या आजोबांच्या तोंडी मात्र यातलं काहीच नव्हतं. बांधलेलं असेल तर बाड, सुटी पानं असतील तर पोथी. घरातली पोथी लाल फडक्यात, खालीवर लाकडी पाट्या. एका पानावर चुकलेल्या अक्षरांवर पिवळा लेप आहे. लहानपणी मला वाटायचं हळद सांडली. ती हरताळ, चुका झाकायला लावायचं पिवळं खनिज. 'हरताळ फासणे' तिथूनच आलं.

आणि 'ग्रंथ'? त्यात हात नाही, गाठ आहे. ग्रथित करणं म्हणजे ओवणं, बांधणं. ताडपत्रांना भोक पाडून दोरा ओवायचे. कापड विणायच्या मागांच्या गावातल्या माणसाला ही व्युत्पत्ती जास्त जवळची वाटणार, माझा पक्षपात समजा.

गंमत म्हणजे छापखाने येईपर्यंत 'हाताने लिहिलेलं' असं वेगळं सांगायची गरजच नव्हती. सगळं हातानेच होतं.