पुढच्या ब्रेक डिस्कला लेथवर फेस मारू (वरचा थर कापून सपाट करून घेऊ) की नवीनच टाकू? मदत हवी आहे

मंडळी, गाडी पेट्रोल हॅचबॅक, सात वर्षं, ७८,००० किमी. पुढे डिस्क, मागे ड्रम.

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटाच्या उतारावर ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायला लागलं आणि पेडल पायाला ठोके द्यायला लागलं. मागे आई आणि दोन्ही मुलं. साखरप्यापर्यंत दुसऱ्या गिअरवर हळूहळू उतरवली. ती भीती अजून मनातून गेलेली नाही.

गॅरेजवाल्याने चाक न काढताच सांगितलं, "डिस्क आऊट झालीय, फेस मारून देतो, नवीन कशाला?"

रविवारी चाक काढून स्वतः बघितलं. डिस्कच्या कडेला धार उभी राहिलीय, नख अडकतं. जाडी मोजायला व्हर्निअर लावला तर जवळजवळ २२ मिमी, म्हणजे नव्याएवढंच माप. मग लक्षात आलं की व्हर्निअरचे जबडे त्या न झिजलेल्या कडेवरच टेकताहेत. म्हणून दोन्ही बाजूंना रुपयाचं एकेक नाणं धरून मोजलं आणि नाण्यांची जाडी वजा केली. उजवी २०.६, डावी २०.८. डिस्कवर किमान जाडी २० मिमी लिहिलेली आहे.

शिवाजी उद्यमनगरातला टर्नर म्हणतो, दोन्ही अंगांनी पाव-पाव मिमी घेतलं की साफ होईल. म्हणजे उजवी राहते २०.१. मर्यादेच्या वर आहे, पण घाटात तेवढी पुरेल का? गणपतीला पुन्हा त्याच रस्त्याने जायचं आहे.

प्रतिसाद:
मशीन शॉपमध्ये वीस वर्षं काढलीत, म्हणून स्पष्टच सांगतो: उजवीला फेस मारू नका. २० ही डिस्क टाकून द्यायची जाडी आहे. फेस मारल्यावरही ती झिजणारच, आणि तुमच्याकडे झिजायला जेमतेम ०.१ मिमी उरतो.

ब्रेक मारला की गाडीचा वेग त्या बिडाच्या चकतीत उष्णता होऊन जिरतो. चकती पातळ झाली की तेवढ्याच ब्रेकला ती जास्त तापते आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडची पकड कमी होते. त्यात ब्रेक ऑइल जुनं, पाणी ओढलेलं असेल तर कॅलिपरमध्ये (पॅड दाबणाऱ्या भागात) उकळतं आणि पेडल खाली बसतं. डॉट ३ ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत टिकायला हवं, पाणी मुरल्यावर मानकाची अपेक्षा १४० वर येते. डावी अजून चालेल, तरी दोन्ही एकदमच बदला.

पण आधी थरथर आली कुठून ते शोधा. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी जागोजागी कमी-जास्त झालेली असते. हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावर) गंज धरला किंवा टायरवाल्याने हवेच्या गनने नट कमी-जास्त आवळले की डिस्क किंचित तिरकी बसते, प्रत्येक फेरीत एकाच ठिकाणी पॅडला घासते आणि तिथे झिजते. कारण काढलं नाही तर नवी डिस्कही काही हजार किमीत थरथरेल. तारेच्या ब्रशने हब साफ करा, डिस्क नटांनी आवळून डायल गेज लावा आणि फिरवताना ती किती डुलते ते बघा. डुलणं साधारण ०.०५ मिमीच्या आत आलं तर उत्तम. पॅडची धूळ मात्र हवा मारून उडवू नका, छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा.

धागाकर्ता:
चार महिन्यांपूर्वी टायर रोटेशन केलं होतं आणि नट गननेच आवळले होते. आज उजवी डिस्क काढली तर हबवरून गंजाचा नखाएवढा पापुद्रा निघाला. दोन्ही डिस्क आणि पॅड मागवलेत, ऑइलही बदलतोय. नवे पॅड डिस्कवर नीट घासून बसावेत म्हणून सुरुवातीला गाडी कशी चालवू?

प्रतिसाद:
रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० किमीवरून १० पर्यंत ब्रेक मारा, वीस-तीस वेळा, मध्यम दाबाने. दर वेळी मध्ये थोडं अंतर चालवून थंड होऊ द्या. डिस्क तापलेली असताना पेडल दाबून उभे राहू नका, पॅडचा थर त्याच जागी डिस्कला चिकटतो. शंभरेक किमीनंतर टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) नट पुन्हा तपासा, मग घाटात न्या.