मदत हवी आहे: आजी परत जाणार, ९ महिन्यांची लेक नव्या बाईंकडे जात नाही

आम्ही बडोद्यात, मांजलपूरला. माझी रजा संपल्यापासून लेकीला सासूबाई सांभाळतात. पुढच्या महिन्यात त्या इंदूरला परत जातील, मग दिवसभर एक गुजराती बेन असतील. बेन अनुभवी आहेत, मायाळू आहेत, पण त्यांनी उचललं की ही किंचाळते. या वयात बाळ परक्यांना बुजतं, ते वाढीचंच लक्षण, हे माहीत आहे. ग्लासगोतल्या बाळांवरच्या शॅफर आणि इमर्सन यांच्या १९६४ च्या अभ्यासातही बरीच बाळं एकाहून जास्त माणसांना बिलगलेली दिसली, तेव्हा बेनचाही लळा लागेलच. (आईला विसरेल ही काळजी शेजारणींना आहे, मला नाही.)

सध्या बेन रोज थोडा वेळ येतात, आधी नुसत्या जवळ बसतात, मग खुळखुळा वगैरे. भरवणं, झोपवणं मात्र आजीच करतात. मी गुपचूप सटकत नाही, टाटा करूनच निघते. तब्येत, वजन, झोप ठीक. पाळणाघर नको आहे आणि घरून काम जमणार नाही.

आजी इथे असतानाच झोपवणं बेनकडे द्यावं, की आधी फक्त भरवणं? आणि आजी गेल्यावर व्हिडिओ कॉलवर त्यांना पाहून तुमची बाळं शांत व्हायची की जास्त रडायची?