बडोद्यात रॉक क्लाइंबिंग, वय ५४, सुरुवात कुठून करू?

सुमन_बडोदा: नमस्कार मंडळी. लहानपणी आम्ही दांडिया बाजारात राहायचो, जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या जवळ, तेव्हा दोरीचा मल्लखांब शिकले. मग लग्न, नोकरी, सासूबाईंचं आजारपण, त्यात सगळं सुटलं पण पावागढला गेलं की बाकीचे पायऱ्यांनी देवीकडे आणि माझी नजर त्या कड्यांवर. दिवाळीत मुलाने पुण्यात चढायच्या कृत्रिम वॉलवर नेलं, कमरेला हार्नेसचा पट्टा बांधला, वर पोचले तर हात थरथरत होते पण खाली यायचंच नव्हतं मला. आता खऱ्या दगडावर शिकायचंय. कुठे जाऊ? आणि बोटं दुखतात त्याचं काय? "या वयात कशाला" सोडून काहीही सांगा.

कातळवेडा: काकू, माउंट अबूला गुजरात सरकारची स्वामी विवेकानंद पर्वतारोहण संस्था आहे, तिथे कोर्स असतात, वयाची अट तेवढी फोनवर विचारून घ्या. अबूचा ग्रॅनाइट खरखरीत, पाय मस्त धरतो. पावागढचा दगड ज्वालामुखीचा, जागोजागी सुटा, जाणकार सोबत नसेल तर नको आणि पावसाळ्यात तर नाहीच. दोरीच्या मल्लखांबात पायाच्या अंगठ्यात दोर धरायचात ना, तीच ताकद इथे कामी येते, सगळा भार बुटाच्या टोकावर अंगठ्यावरच येतो. नवीन लोक हातांनीच ओढत बसतात आणि लगेच दमतात.

मीनल_फिजिओ: सुमनताई, स्नायू काही आठवड्यांत तयार होतात पण बोटांच्या कंडरांना (टेंडन, स्नायू हाडाला जोडतात त्या दोऱ्या) कित्येक महिने लागतात, त्यामुळे ताकद आल्यासारखं वाटतं तेव्हाच बोटं दुखावतात. बारीक होल्डवर, म्हणजे धरायच्या खाचेवर किंवा उंचवट्यावर, बोटं दुमडून लटकू नका, मोठे होल्ड उघड्या हाताने धरा आणि मध्ये एक दिवस तरी सुट्टी. बोटाच्या मुळाशी टोचलं किंवा टक् आवाज आला की तिथेच थांबायचं. पाळी गेली असेल तर हाडांची घनता आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या, सुरू करायच्या आधीच.

रेवा७७: प्रेमलता अग्रवाल २०११ मध्ये ४८ व्या वर्षी एव्हरेस्टवर गेल्या, आणि डोंगर चढायला लागल्या तेच पस्तिशीनंतर!! जा बिनधास्त. फक्त टॉप रोपवरच सुरू करा, म्हणजे दोर आधीच वरून घेतलेला असतो, आणि दर वेळी निघायच्या आधी बिले देणाऱ्याने, म्हणजे तुमचा दोर सांभाळणाऱ्याने, तुमची गाठ बघायची, तुम्ही त्याचं दोर रोखायचं डिव्हाइस.

सुमन_बडोदा: मीनलताई, दुखतं ते बोटाच्या मुळाशीच, म्हणजे आधी ते बरं होऊ देते. अबूला उद्याच फोन करते. कातळवेडा, बूट किती घट्ट घ्यायचे?

कातळवेडा: मोजे न घालता बघा. बोटं पुढे टेकायला हवीत पण उभं राहून दुखायला नकोत. संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय जरा सुजलेला असतो.