युगांडाच्या आधी शाळेतला फिल्टर सुरू करा

घाटमाथा

आमच्या तालुक्याच्या रोटरी क्लबात मी अकरा वर्षं आहे, त्यातली दोन वर्षं सचिव होतो. गेल्या बैठकीत पुढच्या वर्षाचं नियोजन झालं. आफ्रिकेत जाणाऱ्या वैद्यकीय पथकासाठी क्लबने साडेतीन लाख द्यावेत असा ठराव आला. मी विरोधात हात वर केला. माझ्यासोबत आणखी दोघंच होते. बैठकीत बोलायला पाच मिनिटंही मिळाली नाहीत, म्हणून इथे लिहितो.

सहा वर्षांपूर्वी आम्ही जिल्हा परिषदेच्या एका शाळेत पाणी शुद्ध करणारं आरओ यंत्र बसवलं. नारळ फुटला, फीत कापली, मुलांनी स्वागतगीत म्हटलं. दीड वर्षात मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा आतला पडदा, गेलं. बदलायला शाळेकडे पैसे नव्हते, वीजबिलही थकलं होतं. मागच्या महिन्यात गेलो तर यंत्राला टेकवून पोषण आहाराच्या तांदळाची पोती रचलेली. मुलं हातपंपाचं मचूळ पाणी पितात. भिंतीवरच्या पाटीवर आमचं रोटरीचं चक्र मात्र अजून स्वच्छ दिसतं. ती पाटी वाचताना मला फार वाईट वाटलं, कारण त्या वर्षी सचिव मीच होतो.

चूक कुणा एका माणसाची नाही. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. दर वर्षी नवा अध्यक्ष, नवं पदग्रहण, नवा प्रकल्प. मागच्या अध्यक्षाने बसवलेली वस्तू चालते की बंद पडली हे बघणं कुणाच्याच वाट्याला येत नाही. दुरुस्तीला उद्घाटन नसतं. आधी हे आपल्या गावात निस्तरू, मग परदेशाचं बघू. एवढंच माझं म्हणणं.

चकोर

घाटमाथा, शाळेबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण त्याचा राग आफ्रिकेवर काढू नका.

मी दुसऱ्या जिल्ह्यातला रोटरियन आहे, पेशाने भूलतज्ज्ञ. १९९१-९२ मध्ये रोटरी इंटरनॅशनलचे अध्यक्ष असलेले चंदीगडचे राजेंद्र साबू यांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये भारतीय डॉक्टरांचं पहिलं पथक युगांडाला गेलं. तोवर आपण घेणारेच होतो. आपले शल्यचिकित्सक परक्या देशातल्या गरिबावर विनामूल्य शस्त्रक्रिया करू लागले, याचं मोल मला फार वाटतं. आणि घेणं अजून थांबलेलं नाही. कडबाकुट्टीत, मळणीयंत्रात, रसवंतीच्या चरकात हात गेलेली किती माणसं आपल्या भागात आहेत! कोपराखाली पुरेसा हात शिल्लक असेल तर बसणारा एलएन-४ नावाचा कृत्रिम हात रोटरीच्या शिबिरांतून फुकट मिळतो. तो अमेरिकेत तयार झाला, एका बापाने आपल्या गेलेल्या मुलीच्या आठवणीत. तिकडच्या क्लबांनीही 'आधी आपलं गाव' म्हटलं असतं तर?

पाणंद

मी आशा सेविका आहे. क्लबाची सभासद नाही आणि होणंही परवडणारं नाही. पण क्लबांचे कार्यक्रम जवळून पाहिलेत.

दर वेळी आरोग्य शिबिर होतं. बीपी, शुगर तपासतात, कागदावर आकडा लिहून देतात. शुगर तीनशे निघालेली म्हातारी तो कागद घेऊन माझ्याकडे येते. पुढे काय, ते कुणीच सांगितलेलं नसतं. गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून कशा घ्यायच्या, पुन्हा कधी तपासायचं, हे मी सांगते. शिबिराच्या आदल्या दिवशी आम्हाला फक्त 'माणसं गोळा करा' असा निरोप असतो. घाटमाथा शाळेबद्दल म्हणतात तेच माणसांच्या बाबतीतही होतं. म्हणून माझं मत त्यांच्या बाजूने.

कोरडवाहू

मी पूर्ण विरुद्ध बाजूचा. कुणी पोलिओचं नावच काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

रोटरीने १९७९ मध्ये फिलिपीन्समध्ये मुलांना डोस द्यायला सुरुवात केली, १९८५ मध्ये पोलिओप्लस नावाने ते काम जगभर नेलं. १९८८ मध्ये जागतिक मोहीम सुरू झाली तेव्हा १२५ देशांत वर्षाला साडेतीन लाखांवर मुलं लुळी पडत होती. २००९ मध्ये आपल्याकडे ७४१ रुग्ण होते, जगात सगळ्यांत जास्त. पुढच्या वर्षी ४२. आणि १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात सापडलेला रुग्ण शेवटचा ठरला. २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. माझा मोठा भाऊ एका पायाने अधू आहे, १९७४ सालचा. त्यामुळे हे आकडे मला पाठ आहेत.

हा रोग गावाची वेस बघत नाही. आजही पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात मूळचा विषाणू फिरतोय. तिथे दिलेला पैसा 'परदेशात गेला' असं मी म्हणणार नाही, तो आपल्याच नातवंडांसाठी आहे.

पाणंद

दादा, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. पण १९९५ पासून पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर आणि नंतरचे दिवस दारोदार कोण फिरलं? अंगणवाडीताई, नर्सबाई, पुढे आम्ही. डाव्या करंगळीला शाई, दारावर खडूची खूण, वीटभट्टीवरची, ऊसतोडीच्या पालावरची पोरं शोधायची. लसीचा मोठा खर्च भारत सरकारने उचलला. क्लबांनी पैसा दिला, बॅनर दिले, उत्तर प्रदेशात मौलवींची समिती करून लोकांची भीती घालवली. ते खरंच मोठं काम. पण पोलिओ गेला तो वर्षानुवर्षं त्याच दारात परत परत गेल्यामुळे. एका वर्षात अध्यक्ष बदलला म्हणून आम्ही दार बदललं नाही.

कोरडवाहू

हे मान्य करतो. सरकारी यंत्रणेला कमी लेखायचं नव्हतं.

रानजाई

प्राथमिक शिक्षिका. आमच्या शाळेतही एक बंद आरओ आहे (घाटमाथांची शाळा नव्हे). क्लबवाल्यांनी आधी विचारलं असतं तर आम्ही सांगितलं असतं की आमच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) फार नाही, साधा गाळणीचा फिल्टर आणि टाकीला झाकण पुरे. आरओ जेवढं पाणी देतो त्याहून जास्त वाया घालवतो, आणि मार्चनंतर आमच्याकडे टँकर येतो. मुलींना शौचालयात कडी आणि पाणी हवं होतं. विचारायला कुणी आलं नाही, थेट यंत्रच आलं.

चकोर

रानजाई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत, आणि इथेच मला घाटमाथांशी वाद घालायचा आहे.

रोटरी फाउंडेशन या रोटरीच्याच निधी संस्थेच्या ग्लोबल ग्रँटला, म्हणजे मोठ्या अनुदानाला, दोन देशांतले क्लब लागतात, प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा लागतो. अर्जासोबत गावाची गरज आधी तपासल्याचं दाखवावं लागतं. यंत्र नंतर कोण चालवणार, खर्च कुठून येणार, हे लिहून द्यावं लागतं. दर बारा महिन्यांनी प्रगतीचा अहवाल, काम संपल्यावर दोन महिन्यांत अंतिम अहवाल. अहवाल थकले तर पुढचं अनुदान अडतं. माझ्या अनुभवात परदेशी भागीदार असलेलेच प्रकल्प जास्त टिकले, कारण समोरचा क्लब विचारत राहतो. आपल्या खिशातून आणलेल्या वस्तूबद्दल आपल्याला कुणीच विचारत नाही. तुमच्या शाळेतला आरओ स्थानिक पैशातलाच होता ना?

शिवाय सभासद फाउंडेशनच्या वार्षिक निधीला जे देतात, त्यातला साधारण निम्मा तीन वर्षांनी आपल्याच डिस्ट्रिक्टकडे (अनेक क्लबांचा रोटरी विभाग) प्रकल्पांसाठी परत येतो. तो पैसा बाहेर गेलाच असं नाही.

घाटमाथा

हो, स्थानिकच होता. सभासदांच्या वर्गणीतला आणि एका व्यापाऱ्याच्या देणगीतला. अहवाल म्हणून आम्ही डिस्ट्रिक्टला चार फोटो पाठवले होते.

तुमचा हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी गाव विरुद्ध परदेश अशी मांडणी केली, ती चुकली असेल. पण साडेतीन लाखांचं काय? ते ग्रँटमध्ये जात नाहीत, पथकाच्या विमानप्रवासाला जातात. त्यातल्या पन्नास हजारांत आमच्या क्लबाचे असे बंद पडलेले पाचही प्रकल्प चालू होतील असा माझा अंदाज आहे, आणि बाकीचे खुशाल द्यावेत. यापुढे प्रत्येक प्रकल्पाच्या रकमेतला दहावा हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात ठेवायचा, आणि ज्याच्या काळात वस्तू बसली त्या अध्यक्षाने तीन वर्षं तिची जबाबदारी घ्यायची, असा ठराव आणतोय.

कोरडवाहू

ठराव चांगला आहे. पण पथकाचा पैसा कापून नको, पदग्रहणाचा कापा. हॉल, जेवण, शाली, मोमेंटो यांवर किती जातात ते तुम्हीच सचिव म्हणून पाहिलं असेल.

घाटमाथा

पाहिलं आहे. सव्वा लाखाच्या आसपास. हे बैठकीत बोलायची माझी हिंमत झाली नव्हती, या वेळी बोलेन.

रानजाई

मेंब्रेन आणायच्या आधी पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षणच्या प्रयोगशाळेत बाटली नेऊन द्यावी लागते. आणि मुख्याध्यापकांना एकदा विचारा की त्यांना तो आरओ हवा आहे का.

घाटमाथा

शनिवारी सकाळच्या शाळेत जातो, बाटली घेऊनच.